शेजारची सीट

शहरातली निम्मी माणसं माझ्या भावजींकडे गाडी शिकली. उरलेली निम्मी कुठे शिकली, हा प्रश्न भावजी रस्त्याने चालताना मोठमोठ्याने विचारत असतात. "हा बघ कसा वळला! आरसा काय भांग पाडायला दिलाय याला?" असं म्हणून ते फुटपाथवर थांबतात आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाहेर सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि त्या एका शब्दावर त्यांचा फार जीव.

मास्तर म्हणून ते होतेही नामी. शिकाऊ माणसावर कधी ओरडले नाहीत. क्लासच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी त्यांच्यासाठी दोन जादा पेडल बसवलेली होती, डावीकडे क्लच आणि उजवीकडे ब्रेक. चालवणाऱ्याचं चुकलं की ते आपल्या पायाने गाडी थांबवायचे आणि थंडपणे विचारायचे, "हं. आता सांगा, मी का थांबवली?" प्रत्येकाला टोपणनाव ठरलेलं. हॉर्नवरून हात न काढणारा तो भोंगा. वळताना डोळे मिटणाऱ्या बाई त्या समाधीबाई. एक मुलगा इतका हळू चालवायचा की पायी जाणारे त्याला मागे टाकायचे, तो गोगलगाय. कुणाला राग यायचा नाही. परवाना मिळून वर्षं झालेली माणसं बाजारात भेटली की आपणहून सांगायची, "मी मास्तरांचा भोंगा."

त्या पेडलची त्यांच्या पायाला इतकी सवय की पाय घरीसुद्धा गप्प बसत नसे. न्हाव्याने वस्तरा गळ्याजवळ आणला की ते खुर्चीच्या पायरीवर पाय रोवायचे. जेवताना ताई जास्त वाढायला लागली की तोंडाने "पुरे" येण्याआधी टेबलाखाली टाच आपटायची. "काय भावजी, आज गाडी थांबेना वाटतं?" असं मी विचारायची. मेहुणीला एवढा हक्क असतोच.

ताई हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात मशीनवर काम करते. तिच्या हाताची सुई दुखत नाही, अशी तिची ख्याती आहे. पेशंट आत आले की आधी ती दिसते का बघतात आणि दिसली की बाही वर करतात. गेल्या वर्षी हॉस्पिटलने ठरवलं की तो वॉर्ड नव्या इमारतीत हलवायचा, शहराबाहेर, गोदामांच्या पलीकडे. ताईची पाळी पहाटेची. त्या वेळी तिकडे एकही बस जात नाही. ज्यांना येणं जमणार नाही त्यांच्यासाठी जुन्या इमारतीत चौकशीच्या खिडकीवर जागा ठेवली होती, फोन घ्यायचे आणि लोकांना कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगायचं.

"मी फोन घेत बसू?" ताई म्हणाली. "माझा हात सुईवर बसलाय. तो फोनवर कशाला घालवू?"

तेव्हा गाडी घ्यायची हे ठरलं. चालवणार कोण, हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नाही. ताईच्या वॉर्डातल्या बायकांना तर हेवाच वाटला. "तुझं बरं आहे बाई, घरात मास्तर आहेत," असं त्या म्हणाल्या आणि ताईने ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं. भावजी तेव्हा बूट पुसत होते. ते पुसतच राहिले.

प्रश्न होता तो नवी घ्यायची की वापरलेली. ताईला नवी हवी होती. तिचा फ्रिज सासूबाईंचा, कपाट चुलत बहिणीचं, शिवणयंत्र माझं. "या घरात माझ्याआधी कुणी वापरलेली नाही अशी वस्तू म्हणजे माझा टूथब्रश," ती म्हणाली. "मला एकदा सीटवरचं प्लॅस्टिक माझ्या हाताने फाडायचंय." एवढंच तिचं म्हणणं. बाकी गाडी कुठल्या रंगाची, किती मोठी, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

भावजी मात्र जुनीवर अडून बसले. नवी गाडी दुकानाच्या फाटकाबाहेर आली की त्याच क्षणी जुनी होते, मग नवीचा सोस कशाला? पहिला ओरखडा गाडीवर पडत नाही, काळजावर पडतो. गोदामांचा रस्ता खडबडीत आहे, तिथे मुरलेली गाडी बरी. मुद्दे सगळे पटण्यासारखे होते, म्हणूनच मला खटकलं. एरवी भावजी एका मुद्द्यावर वाद घालणारे. शेवटी पोटातलं ओठावर आलं. क्लासचे मालक शिकवण्याची जुनी गाडी काढून टाकणार होते, भावजींना तीच घ्यायची होती. "ओळखीची गाडी आहे. शिवाय शेजारी जास्तीचा ब्रेक. दुप्पट सुरक्षित."

"पण भावजी, चालवणार तुम्ही," मी म्हटलं. "शेजारी ताई बसणार. म्हणजे ब्रेक काय ताईने मारायचा?"

मी थट्टा केली होती. भावजींनी कप बशीत आपटला आणि ते बाहेर निघून गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कुठलं कळायला? मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

"निदान नवी बघून तर येऊ," ताईने त्यांना मनवलं. म्हणून आम्ही तिघं सुट्टीच्या दिवशी शोरूममध्ये गेलो.

काचेचा दरवाजा उघडायला जो विक्रेता पुढे आला तो गोगलगाय निघाला. अंगात कोट, गळ्यात पट्ट्यावर कंपनीचं कार्ड, पण भावजींना बघून तो शाळेत उभा राहावा तसा ताठ उभा राहिला. "मास्तर! तुम्ही!" मग त्याने सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं की हे आपले मास्तर, यांच्यामुळे मी माणसांत आलो, नाहीतर स्टिअरिंग धरलं की मला घाम फुटायचा. भावजी खूश झाले. त्यांनी दोनतीन गाड्यांची दारं उघडून लावली, टायरला बूट लावून बघितला, आणि ताईकडे असं पाहिलं की बघ, तुझा नवरा कोण आहे.

ताईला एक छोटी करडी गाडी आवडली. तिने सीटच्या प्लॅस्टिकवरून नुसता हात फिरवला. गोगलगाय लगेच म्हणाला, "मास्तर, तशीच एक चालवून बघायला ठेवलीय. या, एक चक्कर मारा. तुम्ही चालवणार म्हणजे गाडीचंच नशीब."

भावजी म्हणाले, कशाला. म्हणाले, ऊन आहे. म्हणाले, बायकांना उशीर होतोय. ताई म्हणाली, मला कसलाही उशीर होत नाहीये. गाडी अंगणात आणली गेली. भावजी तिच्याकडे गेले आणि सरळ शेजारच्या सीटचं दार उघडून आत बसायला लागले.

"मास्तर, इकडे," गोगलगाय हसत म्हणाला. सगळेच हसले. भावजीही हसले आणि वळसा घालून पलीकडे गेले. गोगलगाय शेजारच्या सीटवर बसला, मी आणि ताई मागे. भावजींनी आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला.

शोरूमचं अंगण उताराचं आहे. खाली फाटकापाशी सिमेंटच्या कुंड्या आणि त्यांच्यापुढे पुठ्ठ्याचं एक माणसाएवढं कुटुंब उभं केलेलं: आई, बाप, दोन मुलं, सगळ्यांच्या तोंडावर बत्तीशी आणि बापाच्या हातात किल्ली. गाडी उतारावर लागली. आणि भावजी त्यांच्या क्लासातल्या आवाजात बोलायला लागले, "हळू. हळू. क्लच. आता ब्रेक. ब्रेक. अहो, ब्रेक मारा!"

ते गोगलगायीकडे बघून ओरडत होते. गोगलगाय त्यांच्याकडे बघत होता. गाडीने एकदम मोठा आवाज केला, झेप घेतली, त्या हसऱ्या कुटुंबाला आडवं केलं आणि कुंडीवर जाऊन आदळली. कुणाला काही लागलं नाही. पुढचा बंपर मात्र मधोमध तडकला, आणि पुठ्ठ्याचा बाप बॉनेटवर पडून काचेतून आमच्याकडे हसत बघत राहिला.

मॅनेजर धावत आले. भावजी खाली उतरले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मला वाटलं आता ते म्हणतील, माझं चुकलं. ते म्हणाले, "ब्रेक लागलाच नाही. इतकी वर्षं शिकवतोय मी. असली गाडी लोकांना चालवायला देता?"

मॅनेजरांनी गोगलगायीकडे बघितलं. तो खाली बघत होता. "माझी चूक, सर," तो म्हणाला. "सकाळी तपासून ठेवायला हवी होती." मॅनेजर त्याला आमच्यादेखत जे बोलले ते मी इथे सांगत नाही. भावजी तेवढा वेळ कुंडीतलं झाड सरळ करत होते.

परतताना बसमध्ये भावजी सारखे बोलत होते. नव्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा. वरून चकचकीत, आत काही नाही. जीव गेला असता आज. ताई खिडकीबाहेर बघत होती. आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "बरं. जुनीच घेऊ. ब्रेकचं तुम्हाला जास्त कळतं." हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर बरं झालं असतं. ती मनापासून बोलली.

क्लासचे मालक म्हणाले, आधी घरी नेऊन ठेवा, पटली तर घ्या. त्यांच्याच माणसाने गाडी आणून ताईच्या दारात उभी केली. दारांवरचं क्लासचं नाव खरवडून काढलं होतं, तरी उन्हात अक्षरांचे डाग वाचता यायचे. भावजी तिला रोज धुवायचे. पण फाटकाबाहेर काढायचे नाहीत. एक दिवस बॅटरी मंद, एक दिवस चाकात हवा कमी, एक दिवस त्यांची कंबर धरलेली. ताई म्हणायची, वॉर्ड हलायच्या आधी एकदा तो रस्ता बघून येऊ. भावजी म्हणायचे, उद्या.

एका दुपारी मी ताईकडे गेले. ती अजून पाळीवरून आली नव्हती. घराला कडी होती आणि भावजी गाडीत बसलेले. ड्रायव्हरच्या जागी. इंजिन बंद, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. शर्ट पाठीला चिकटला होता. मी काचेवर टकटक केलं तर ते असे दचकले की मलाच ओशाळं वाटलं.

काच खाली झाली. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सुरुवात केली. "गोगलगायीला त्यांनी गाड्या धुवायला लावलंय," ते म्हणाले. "माझा एक विद्यार्थी तिकडे गेला होता, त्याने सांगितलं. कोट काढून घेतला त्याचा. पँट वर करून पाइप धरून उभा असतो."

"आणि ब्रेक?" मी म्हटलं.

"ब्रेक चांगला होता."

"हे मला तेव्हाच वाटलं होतं."

"ब्रेकवर पायच नव्हता माझा." ते पायांकडे बघत होते. "माझ्या बाजूला दोनच पेडल. उजवीकडचा तो ब्रेक. इतकी वर्षं उजवीकडचा तो ब्रेक. त्या गाडीत उजवीकडे ॲक्सिलरेटर. मी ब्रेक समजून तो दाबला. गाडी पळाली तर आणखी दाबला."

मला हसू यायला हवं होतं. एवढा मोठा विनोद मेहुणीच्या हातात आयता आलेला. पण मला राग आला, आणि मी तो गिळला नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं, "आणि वर अंगण झाडणाऱ्याला शिक्षा! भावजी, शेवटची गाडी चालवलीत कधी?"

"तू शाळेत होतीस."

मग सगळं बाहेर आलं. सुरुवातीला ते चालवायचे, चांगली चालवायचे. पण क्लासची गाडी कायम शिकणाऱ्याच्या हातात. हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारी. मधल्या काळात एकदा कुणीतरी आपली गाडी जरा मागे घ्यायला किल्ली दिली, तर पाय भलतीकडेच जायला लागले, गाडी धक्के खात बंद पडली. तेव्हा हसून वेळ मारून नेली. त्यानंतर कुणी किल्ली पुढे केली की ते म्हणायचे, आठवडाभर गाडीतच असतो, सुट्टीला मी चालतो. लोकांना तोही मास्तरांचा रुबाब वाटायचा. एक वर्ष गेलं, दोन गेली, मग सांगायची सोयच राहिली नाही. "पोहायला शिकवणारा मी," भावजी म्हणाले, "आणि पाण्यात पडलो तर बुडेन. लाज वाटते गं. सकाळी क्लासला जाताना वाटते, कुणी मास्तर म्हणून हाक मारली की वाटते."

"ताईला सांगा."

"तिला सोडून कुणालाही सांगेन."

तेवढ्यात ताईच आली. खांद्यावर पिशवी, पायात हॉस्पिटलचेच पांढरे बूट. भावजींना ड्रायव्हरच्या जागी बघून तिचा चेहरा उजळला. ती सरळ आली, शेजारचं दार उघडून भावजींच्या रोजच्या जागेवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चला! आज मुहूर्त लागला म्हणायचा. तो रस्ता बघून येऊ."

भावजींनी किल्लीला हात लावला आणि काढून घेतला.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"गाडी."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर उभी होते, मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. भावजींनी सांगितलं. मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, स्टिअरिंगच्या मधल्या चकतीकडे बघत. त्यांचं झाल्यावर ताईने एकेक विचारायला सुरुवात केली, पेशंटला विचारते तसं, आवाज न चढवता.

"म्हणजे ती करडी गाडी चांगली होती."

"हो."

"आणि तो मुलगा उगाच बोलणी खात होता."

"हो."

"आणि तुम्ही ऐकत होतात."

"हो."

तिने पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. "मी दरवर्षी म्हणायची, मला गाडी शिकवा. तुम्ही म्हणायचात, घरच्यांना शिकवू नये, संसार मोडतो. मी सगळ्यांना सांगायची, आमच्यांचा नियमच आहे तसा. ते काय होतं?"

भावजींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"प्रत्येकजण पहिल्या दिवशी म्हणतो, एकदा तुम्ही चालवून दाखवा," ते शेवटी म्हणाले. "परक्याला गप्प करता येतं. दाखवून कुणी शिकत नसतं, असं म्हटलं की तो मान डोलावतो. तू डोलावली नसतीस."

ताईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने भावजींना कधी एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. "तुझी लाज झाकायला तू मला बसस्टॉपवर उभं केलंस," ती म्हणाली. "तापात उभं केलंस. हात भाजला होता तेव्हा उभं केलंस. मी उभी राहिले. आणि आता नवी गाडीसुद्धा नको म्हणायला लावलीस." तिने दार उघडलं, उतरली, आणि न आपटता बंद केलं. ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अहो-जाहोवर आली, पण त्यात काही गोडी नव्हती. "शोरूममध्ये जा," तिने सांगितलं. "एकटे गेलात तर फाटकावरून परत याल. हिला घेऊन जा." म्हणजे मला. तुरुंगात नेणाऱ्या शिपायासारखी मी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये भावजी बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. ब्रेक चांगला होता, पाय माझा चुकला, त्या मुलाचा काही दोष नाही. मॅनेजर ऐकत होते आणि त्यांचे डोळे हळूहळू पाणावत होते. भावजी थांबल्यावर ते उठून टेबलाच्या या बाजूला आले.

"मास्तर," ते म्हणाले, "शिष्यासाठी स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेताय. असा गुरू आजकाल बघायला मिळत नाही."

"अहो, खरंच मला येत नाही," भावजी म्हणाले.

"बस्स, बस्स. पुढे बोलू नका. तुम्हाला येत नाही आणि आम्हाला येतं, होय ना?"

मी पुढे झाले. "ते खरं बोलताहेत. मी मागे बसले होते."

"तुम्ही घरच्या," मॅनेजर माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाले. "तुम्हालाही शिकवून आणलंय त्यांनी." भावजींनी आणखी एकदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितका तो माणूस गहिवरत गेला. शेवटी त्याने गोगलगायीला बोलावलं, स्टाफसमोर उभं केलं, आणि मास्तरांच्या मोठेपणावर चार वाक्यं बोलून त्याचा कोट त्याला परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजी मान खाली घालून उभे होते आणि ते लोकांना विनयाने उभे आहेत असं वाटत होतं.

गोगलगाय आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. त्याची पँट अजून गुडघ्यापर्यंत ओली होती. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "मी बघितलं होतं. पाय ॲक्सिलरेटरवर होता."

"तुला दिसला?"

"शिकताना माझी नजर तुमच्या पायावरच असायची. तुमचा पाय हलला की समजायचं, आपलं चुकलं. ती सवय गेलेली नाही."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुमच्यासमोर?" तो म्हणाला. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. या गोगलगायीच्या पोटात काहीच नव्हतं. भावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

ताईने करडी गाडी घेतली, नवी कोरी, गोगलगायीच्याच हातून. क्लासच्या मालकांचा माणूस येऊन जुनी घेऊन गेला. आणि शिकायला ताईने पुलाजवळच्या दुसऱ्या क्लासात नाव घातलं. तिथला शिकवणारा दाढीवाला. तो शिकाऊंवर इतका खेकसतो की भावजी त्याला खाटीक म्हणतात. "त्याच्याकडे?" भावजी कसेबसे म्हणाले. "मी सांगतो ना. मला चालवता येत नाही, पण शिकवता येतं. ते तरी येतंच."

"घरच्यांना शिकवू नये," ताई म्हणाली. "संसार मोडतो." ती पाळी संपवून रोज खाटकाच्या शिव्या खायला जायची आणि रात्री जेवताना भावजींना त्यातलं काही सांगायची नाही. सीटवरचं प्लॅस्टिकही तसंच होतं. परवाना मिळेपर्यंत फाडणार नाही म्हणाली.

परवान्याच्या परीक्षेचं मैदान शहरात एकच. सगळ्या क्लासच्या गाड्या तिथे एकाच दिवशी येतात. मी ताईबरोबर गेले होते, तर पलीकडे भावजी आपल्या तीनचार विद्यार्थ्यांना घेऊन उभे. ते असणारच होते; आम्हालाच ते आधी सुचलं नव्हतं. इतर क्लासचे मास्तर, चहावाला, फॉर्म भरून देणारे, सगळे त्यांना ओळखणारे. इन्स्पेक्टर तर त्यांचा जुना दोस्त. हातात पाटी घेऊन तो एकेकाला पुकारत होता. खाटकाची गाडी रेघेवर आली आणि ताई ड्रायव्हरच्या सीटवर दिसली, तेव्हा आधी चहावाला थांबला, मग बाकीचे.

इन्स्पेक्टरने कागद बघितला, ताईकडे बघितलं, मग वळून भावजींना हाक मारली. "मास्तर! या तुमच्या कोण?"

"बायको," भावजी म्हणाले.

"मग दुसऱ्याच्या क्लासातून?" इन्स्पेक्टरने मोठ्याने विचारलं, म्हणजे सगळ्यांना मजा यावी. "घरात एवढा मास्तर असताना?"

सगळं मैदान भावजींकडे बघत होतं. त्यांचे विद्यार्थी, दाढीवाला, सगळे. मला वाटलं ते नियम सांगतील, घरच्यांना शिकवू नये. तो नियम तिथे सगळ्यांना पाठ होता. कुणी पुढे विचारलंही नसतं. भावजी दोन पावलं पुढे आले, ताईच्या गाडीच्या खिडकीपाशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही, साहेब. इतकी वर्षं तिच्यापासून लपवलं. म्हणून तिला शिकवलं नाही."

इन्स्पेक्टर खो खो हसला. त्याच्यामागे सगळं मैदान हसलं. "मास्तर म्हणजे ना!" असं म्हणत कुणी टाळी दिली, कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे विद्यार्थीही हसत होते, खाटीकसुद्धा दाढीत हसला. भावजी मधोमध उभे होते, कान लालबुंद झाले होते, आणि ते फक्त ताईकडे बघत होते.

ताई हसली नाही. हसणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिने इन्स्पेक्टरला विचारलं, "सुरू करू?" आणि गाडी रेघेवरून पुढे काढली.